आईला ऐकवण्याजोगे सिनेमे सुचवा (आणि गेल्या दोन महिन्यांत आम्ही काय काय ऐकलं)

शेवटची_रांग (मिरज)

आधी प्रश्न, मग पाल्हाळ. मला असे सिनेमे हवेत जे नुसते ऐकून कळतात. मराठी असले तर उत्तम, हिंदी चालतील. भाषा अजिबात कळत नसली तरी चालतंय हे गेल्या महिन्यात समजलं, ते खाली येईलच.

कारण आई. वय ७९. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, मॅक्युलर डीजनरेशन म्हणतात त्याला. उजव्या डोळ्यात इंजेक्शनं घेऊन झाली, डाव्याला उशीर झाला होता. पूर्ण अंधार नाही. कडेकडेचं दिसतं, मधे डाग. माझ्याकडं बघितलं की माझे कान दिसतात आणि तोंड दिसत नाही, असं तीच सांगते. काही बघायचं झालं की कोंबडीसारखी मान तिरकी करते. टीव्हीवर तिला पडद्याच्या कडा कळतात. आकाश, भिंत, चौकटीतून कुणी आत आलं, एवढंच. चेहरा एकही नाही.

तिनं बावीस वर्षं इथल्या मेडिकलच्या पोरांचे डबे केले. आयुष्यात थेटरात जाऊन दहा-बारा सिनेमे बघितले असतील. दुपारी वेळ नाही, संध्याकाळी तर विचारूच नका. आता वेळच वेळ आहे तर हे असं. मालिका ऐकायला सोप्या, त्यात सगळं बोलूनच दाखवतात, पण तिला नको वाटतात. "एक गोष्ट तीनदा सांगतात आणि मधे ढँण ढँण वाजवतात."

म्हणून मी (रेल्वेत आहे) दिवसपाळी असली की रात्री नऊ ते दहा तिच्या खाटेशेजारी बसतो आणि सिनेमा लावतो. एक सिनेमा दोन-तीन रात्री पुरतो. ती ऐकते, मी जे दिसतंय ते सांगतो. पहिल्या रात्री मी इतका बोललो की तिनं हात वर केला. "बाळ पंडित सांगायचे तसं सांग. चेंडू कुठं गेला ते. तुला काय वाटलं ते मागनं." तरुण मंडळींसाठी: बाळ पंडित रेडिओवर मराठीतून क्रिकेटचं समालोचन करायचे. वडील ट्रान्झिस्टर कानाला लावून बसायचे आणि आई चपात्या लाटता लाटता ऐकायची. क्रिकेट तिनं डोळ्यांनी कधी बघितलंच नाही, पण स्लिप कुठं असते ते तिला माहीत आहे.

सुरुवात 'सामना'नं केली. पन्नास वर्षांपूर्वीचा, जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला. मला वाटलेलं जड जाईल. उलट इतका सोपा सिनेमा आम्हाला परत मिळालाच नाही. एका बाजूला श्रीराम लागूंचा मास्तर, दुसऱ्या बाजूला निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील. दोन आवाज एकमेकांत मिसळूच शकत नाहीत. फुले बोलायच्या आधी जे थांबतात ना, तिथं मी "आता तो बघतोय" असं सांगायला गेलो तर आई म्हणाली, "कळतंय की. गप्प बसलाय म्हणजे बघतच असणार." मास्तर त्या गायब झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं विचारायला लागला की ही खाटेवरून "हां, विचार" म्हणायची. साखर कारखान्यातली माणसं ओळखायला आम्हा सांगलीकडच्यांना डोळे लागत नाहीत, तोही भाग आहेच.

मग चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'. एका शाहिराचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगारानं जीव दिला, असा त्या शाहिरावर खटला. ह्यात मला सांगायला फारसं कामच नव्हतं. तिथला कॅमेरा लांब एका जागी उभा राहतो आणि माणसं बोलत असतात. न्यायाधीश टायपिस्टला वाक्यं सांगतात, सरकारी वकीलबाई कायद्याची कलमं धडाधडा वाचून काढतात. गीतांजली कुलकर्णीनं ते वाचन असं केलंय की आई म्हणाली, "हिला घरी जाऊन कुकर लावायचाय." आणि पुढं खरंच बाई लोकलनं घरी जाते, मुलाला पाळणाघरातून घेते आणि स्वयंपाकाला लागते. मी आईकडं बघतच राहिलो.

शेवटाला मात्र गंमत झाली. कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते, खोली रिकामी होते, एकेक करून दिवे बंद होतात आणि पडदा काळा होऊन तसाच राहतो. आवाजही नाही. आईनं विचारलं, "लाइट गेली?" मी म्हटलं, सिनेमातली गेलीय. "मग आता तुलाही माझ्यासारखंच दिसतंय." पुढं तो सहलीचा तुकडा येतो, न्यायाधीश बाकावर डुलकी काढत असतात, पोरं येऊन एकदम ओरडतात आणि ते एका पोराला थोबाडीत देतात. चापटीचा आवाज ऐकून आई दचकली आणि तिनं पहिलं विचारलं ते "कुणाला बसली?" मी सांगितलं, जे पोर बोलत नाही त्याला. त्या रात्री आणखी काही बोलली नाही.

आता तो भाषा न कळलेला सिनेमा. 'द ग्रेट इंडियन किचन', मल्याळम, २०२१ चा, जियो बेबीचा. हा मी तिच्यासाठी लावलाच नव्हता. ती झोपलीय असं समजून मी आवाज बारीक करून बघत होतो. पाच-दहा मिनिटांत खाटेवरून आवाज आला, "खवणी आहे." खरंच नारळ खवणं चालू होतं. मग "फोडणी बसली." मग "पाट्यावर वाटतंय कोण? मिक्सर नाही का त्यांच्याकडं?" मी म्हटलं, आहे, पण सासऱ्याला पाट्यावरचीच चटणी लागते. "असणारच," म्हणाली आणि उठून बसली.

त्या सिनेमात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. चिरणं, तळणं, ताटं घासणं, केर काढणं, परत चिरणं. मी इंग्रजी सबटायटल वाचून मराठीत सांगायला लागलो तर मला थांबवलं. "बोलण्यात काय नाही. मला ऐकू दे." मधे सिंकखालचा पाइप गळायला लागतो. सूनबाई नवऱ्याला प्लंबरला बोलवा म्हणून सांगते, तो हो म्हणतो आणि विसरतो. हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिनं नुसती टपटप ऐकली, दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकातही तीच टपटप, तिसऱ्या दिवशीही.

"प्लंबर येणार नाही," म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"आला असता तर एव्हाना आला असता."

सासऱ्याला कुकरचा भात चालत नाही, चुलीवरचा लागतो, तो भाग चालू होता आणि खणखणीत शिट्टी झाली. आई म्हणाली, "लावला वाटतं हिनं कुकर!" शिट्टी आमच्या स्वयंपाकघरातली होती. बायको सकाळच्या डब्यासाठी छोले उकडत होती. मी उठून आत गेलो आणि गॅस बंद केला, म्हणजे तेवढं तरी केलं. (बायकोनं हे वाचलं तर ती सांगेल की अजून एक शिट्टी बाकी होती.) शेवटी ते गळकं घाण पाणी बापलेकांच्या अंगावर जातं. आईला फेकल्याचा आवाज आणि त्यांचं ओरडणं आलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, "बादली भरायला फार दिवस लागले."

तर प्रश्न:

असे आणखी कुठले आहेत? आणि जे दिसतंय ते सांगायची काही रीत आहे का? मी कधी जास्त सांगतो, कधी महत्त्वाचं राहून जातं. तिसरं, हे जरा अवघड आहे. 'श्वास' लावू का नको? तिनं तो बघितलेला नाही, पण गोष्ट माहीत आहे आणि दोनदा नाव काढलंय. डोळे जाणार असलेल्या पोराचा सिनेमा हिच्यापुढं कसा लावायचा? मी आज करू, उद्या करू असं चालवलंय.


खडूस_काका

आईंबद्दल आदर आहे, पण मुळात सिनेमा हे दृश्यमाध्यम आहे. 'कोर्ट'मधल्या त्या स्थिर चौकटी दिसल्याच नाहीत तर काय उरलं? ऐकायचंच असेल तर श्रुतिका आहेत, नाटकांची रेकॉर्डिंग आहेत, पुलंची कथाकथनं आहेत. सिनेमाचा अर्धा जीव काढून दाखवण्यात काय हशील? ह्यात तुमची हौस जास्त दिसते.


पागोळी (गुहागर)

काका, ज्या काळात गावात टीव्ही नव्हता त्या काळात 'शोले'च्या संवादांची तबकडी निघाली होती आणि लोकांनी ती पाठ केली होती. गब्बर न बघता गब्बरला घाबरणारी पोरं मी बघितलीत. असो.

शेवटची_रांग, 'किल्ला' लावा. अविनाश अरुणचा, २०१४ चा. वडील गेलेला अकरा वर्षांचा मुलगा, सरकारी नोकरीतली आई, बदली होऊन कोकणात येतात. गोष्ट एवढीच. पण पाऊस ऐका. मी इथलाच, त्यामुळं मला पाऊस दाखवून फसवता येत नाही. सिनेमावाले नळीनं पाणी सोडतात आणि वरून एकच सर्रर्र आवाज जोडतात. ह्यात कौलावरचा वेगळा, छत्रीवरचा वेगळा, आणि किल्ल्यात पोरगं एकटं अडकतं तेव्हा दगडावरचा अगदी वेगळा. पोरांची बडबडही बघा, म्हणजे ऐका. पार्थ भालेरावचा बंड्या नुसत्या आवाजावर उभा आहे.

एकच सूचना. आईंना पावसाळ्यात ऐकवू नका, कुठला पाऊस कुठला ते कळणार नाही.


ओट्यापाशी

किचनबद्दल वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. मी तो सासूबाईंबरोबर बघितला. त्या अर्ध्यातून उठल्या, "ह्यात काय दाखवायचं एवढं" म्हणाल्या आणि आत जाऊन ओटा पुसला. मी आधीच पुसलेला होता. आम्ही दोघी त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. पण त्या दिवसापासून जेवून झाल्यावर यांचं ताट त्या उचलत नाहीत. तिथंच ठेवतात. तिसऱ्या दिवशी हे स्वतः उचलायला लागले. कुणी काही म्हटलं नाही.

मी सुचवेन 'परफेक्ट डेज'. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स, पण सिनेमा जपानी, टोकियोतला. सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा एक माणूस, त्याचे एकसारखे दिवस. संवाद फार थोडे, तो माणूस बोलतच नाही म्हटलं तरी चालेल. तरी सुचवतेय, कारण रोज पहाटे रस्त्यावर एक बाई खराट्यानं झाडते आणि त्या आवाजानं त्याला जाग येते. गजर नाही, खराटा. तुमच्या आईंना तो आवाज ओळखून काढायला सांगा.


पांढरी_काठी (पुणे)

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. बँकेत नोकरी करतो, फोन आणि संगणक बोलून दाखवतात, हा मजकूरही तसाच वाचला. सिनेमाचं मला वेड आहे. खडूस_काकांना एवढंच सांगतो की अर्धा जीव काढलेला की अर्धा जीव असलेला हे ऐकणाऱ्याला ठरवू द्या.

रीत विचारलीत म्हणून. आधी नाव, मग क्रिया. "मास्तर उठला." "उठला तो, मास्तर" असं नाही, तोवर पुढचं वाक्य चालू होतं. बोलणं चालू असताना बोलू नका, सापट मिळाली की त्यात बसवा. जागा बदलली की जागा सांगा, "घर, रात्र" एवढं पुरतं. कपड्यांचे रंग सांगू नका, गोष्टीत त्यांचं काम असेल तरच. आणि "बिचारा" म्हणू नका. बिचारा आहे की नाही ते आम्ही बघून घेऊ. तुमच्या आईंनी बाळ पंडितांचं उदाहरण दिलंय ते लाखातलं आहे, मी आता सगळ्यांना तेच सांगणार.

याला ध्वनिवर्णन म्हणतात आणि ती काही कुणाची मेहेरबानी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृक्‌श्राव्य साहित्याला ध्वनिवर्णन हवं असं लिहिलंय. मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. नेटफ्लिक्सवर बऱ्याच इंग्रजी गोष्टींना ते असतं, आवाजाच्या पर्यायांत जाऊन बघा. मराठीला फारसं मिळत नाही. तोवर तुमच्यासारखे मुलगे.

माझी शिफारस: 'द डिसायपल'. तोही ताम्हाणेचाच. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या शरद नेरूळकरची गोष्ट. तो रात्री मोटरसायकलवरून रिकाम्या मुंबईत फिरतो आणि कानात त्याच्या गुरुजींच्या गुरू, माई, त्यांची जुनी भाषणं वाजत असतात. डोळस मित्र सांगतात की ती दृश्यं संथ गतीची, फार सुंदर आहेत. असतील. माझ्या दृष्टीनं तिथं फक्त तंबोरा आहे आणि माईंचा, म्हणजे दिग्दर्शिका सुमित्रा भाव्यांचा, आवाज. माई पडद्यावर दिसतच नाहीत. म्हणजे त्या माणसाच्या बाबतीत तुम्ही सगळे आणि मी एकाच रांगेत. असा सिनेमा मला दुसरा माहीत नाही. गुरुजी झालेले अरुण द्रविड प्रत्यक्षातही जयपूर घराण्याचे गायक आहेत, आणि शरद झालेला आदित्य मोडकही गाणाराच. त्यामुळं खोटी तान ऐकावी लागत नाही.

'श्वास'बद्दल. मला स्वतःला तो पूर्ण पटत नाही. दिसायचं थांबलं की जग संपलं असा सूर त्यात मला लागतो, आणि मी तर त्या 'नंतर'मध्येच जन्मलोय. पण तुमचा प्रश्न सिनेमाचा नाहीच. त्यांनी दोनदा नाव काढलं आणि तुम्ही दोनदा टाळलंत. आमच्या वतीनं ठरवू नका हो. विचारा आणि लावा.


शेवटची_रांग (मिरज)

तीन आठवड्यांनी येतोय, मधे रात्रपाळी होती. सगळ्यांचे आभार, काकांचेही. काका, तुमचं म्हणणं आईला वाचून दाखवलं. तिचं उत्तर जसंच्या तसं: "त्यांना सांग, मी बावीस वर्षं पोरांना जेवताना बघितलं नाही. डबा परत आला की कळायचं आवडलं का नाही ते." हे तुमच्या मुद्द्याला उत्तर आहे का, मला सांगता येत नाही. तिला वाटतं आहे.

'किल्ला' पावसाळ्यातच ऐकला, कारण पावसाळा चालू आहे. पागोळी, तुमचं खरं झालं. आई दोनदा म्हणाली, "गच्चीवरचे कपडे काढ." एकदा ती बरोबर होती.

'परफेक्ट डेज'चं काय सांगू. खराटा पहिल्या फटक्यात ओळखला. "अंगण झाडतंय कोणीतरी, ओलं अंगण आहे." ओलं होतं का ते मलाच कळलं नव्हतं, मागं जाऊन बघितलं तरी नक्की सांगता येईना. मग मशिनमधून कॉफीचा डबा धप्पकन पडतो, गाडीत कॅसेट आत जाते, गाणं लागतं. कॅसेट आत जातानाचा तो खट् आवाज ऐकून तिनं "आपली होती ना तशी" म्हणून मला पुढचा सिनेमा दहा मिनिटं ऐकूच दिला नाही. घरातला टेपरेकॉर्डर कुणी बिघडवला याची चौकशी झाली. मीच होतो. चाळीस वर्षांनी कबूल केलं.

तिथवर छान चाललं होतं. शेवटाला फसलो. तो माणूस, हिरायामा, गाडी चालवतोय, गाणं चालू आहे आणि पडद्यावर बराच वेळ नुसता त्याचा चेहरा. बाकी काही नाही. पांढरी_काठींचे नियम डोक्यात ठेवून सुरू केलं.

"हिरायामा हसतोय."

थोड्या वेळानं, "नाही, रडतोय."

"हसतोय परत. डोळ्यांत पाणी आहे. आता हसू जास्त... नाही, थांब..."

"एकदा ठरव काय ते," आई म्हणाली.

ठरेना. कोजी याकुशोला त्या भूमिकेसाठी कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचं बक्षीस मिळालंय, आणि मी इथं मिरजेत त्याच्या तोंडाचं समालोचन करतोय. शेवटी मी गप्प बसलो. मग तिनं हात पुढं करून माझा चेहरा चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी. "असं होय," म्हणाली आणि हात काढून घेतला. माझ्या तोंडावर त्या वेळी काय होतं कोण जाणे.

'द डिसायपल' मात्र पूर्ण तिचा. तिचं माहेर इथलंच, सतारमेकर गल्लीच्या जवळ. शाळेतून येताना तंबोऱ्याची जवारी लावत बसलेले कारागीर तिनं रोज बघितलेत. तारेखाली दोरा सरकवत नेतात, आवाज बोथट असतो आणि एका जागी एकदम फुलतो, हे तिनं मला सिनेमा थांबवून सांगितलं. मी या गावात जन्माला आलो आणि मला हे माहीत नव्हतं. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं, तिथंही ती डबे आवरून मागच्या बाजूला जाऊन बसायची.

दुसऱ्या रात्री शरदचं एक गाणं चालू असताना तिनं कूस बदलली. "तंबोरा चांगला लागलाय. गळा लागत नाही. हा पोरगा व्हायचा नाही." सिनेमा अजून अर्धाही झाला नव्हता. पुढं काय होतं ते बघितलेल्यांना माहीत आहे. मला आधी राग आला, इतक्या लवकर कशाला सांगायचं. मग वाटलं, त्या पोराला त्याच्या गुरुजींनी हे इतक्या सरळ कधी सांगितलं असतं तर?

माईंचा आवाज तिला आवडला नाही. "बाई बरोबर बोलते, पण दार लावून बोलते." सुमित्रा भाव्यांबद्दल मला फार आदर आहे, त्यामुळं हे इथं लिहावं का नको असा विचार केला. लिहिलं.

आता 'श्वास'. विचारलं. पांढरी_काठी, तुमच्यामुळं विचारलं. "लाव की, मी कधीची म्हणतेय."

दोन रात्रींत झाला. अरुण नलावड्यांचे आजोबा शहरात आल्यावर ज्या आवाजात बोलतात, ते ऐकून तिनं विचारलं, "टोपी हातात धरलीय का त्यांनी?" मी बघून सांगत होतो, तोवर तिनं पुढचं विचारलं. दवाखान्यातली समाजसेविका बोलायला लागली तेव्हा म्हणाली, "ही 'किल्ल्या'तली आई." बरोबर, अमृता सुभाषच. मधे दहा वर्षांचं अंतर आहे दोन सिनेमांत, मी चेहऱ्यावरून ओळखायला वेळ लावला असता.

डॉक्टर आजोबांना सांगतात तो भाग आला. ऑपरेशन केलं नाही तर पोर जाईल, केलं तर डोळे जातील. माझा आवाज बसला. ती शांत होती. पदर हातात घेऊन त्याची कड बोटांनी मोजत बसली होती, ती नेहमीच तसं करते. मग आजोबा पोराला दवाखान्यातून गुपचूप बाहेर काढतात आणि गावभर हिंडवतात, शेवटचं बघून घे म्हणून. मी एकेक सांगत गेलो, पोर काय बघतंय, आजोबा काय दाखवताहेत. तुमचे सगळे नियम मोडून सांगितलं, रंगसुद्धा. तिनं अडवलं नाही.

संपल्यावर दिवा न लावता बसलो थोडा वेळ. मग मी विचारलं, धीर करून, "तुला आठ दिवस आधी कुणी सांगितलं असतं, तर काय बघितलं असतंस?"

मला वाटलं नातवाचं नाव घेईल. किंवा पंढरपूर म्हणेल. तिनं जरा विचार केला.

"डब्यांची वही," म्हणाली. "कपाटात खाली आहे, हिरवी. एकदा सगळी वाचून काढली असती. चौघापाच जणांची बाकी राहिलीय. आता मोठे डॉक्टर झाले असतील मेले."

वही काढलीय. उद्यापासून सिनेमा बंद, चार दिवस तीच वाचायची आहे. पहिल्याच पानावर एकाच्या नावापुढं लिहिलंय, 'मे महिना अर्धा, आमटी तिखट लागते म्हणतो.'